खाणीतल्या काकांचे काय?

आमच्या राहुरीच्या वर्गात वीज कशी तयार होते, हा धडा चालला होता. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज मिळते. पण धूर आणि राखही निघते! म्हणून आता सूर्याची वीज. आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला, शेतीसाठी सौर प्रकल्प उभा राहिला.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग खाणीतल्या काकांचे काय?"

किती खरा प्रश्न! त्यांचे काम गेले, तर घरची चूल कशी पेटणार?

हातातली कला वाया जात नाही बरं का! वायरमन तारा जोडतो, वेल्डर सांगाडा जोडतो. सौरपट्ट्या बसवायला हेच तर लागते. थोडे नवे शिकायचे. त्यासाठी सरकारने २०१५ मध्ये 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू केले.

पण अडचण आहे. सौर प्रकल्प उभारताना माणसे पुष्कळ लागतात, नंतर थोडीच. शिवाय तो खाणीच्या गावीच होईल असे नाही. म्हणून तयारी आधीपासून हवी. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचे २००७ मध्ये ठरवले आणि शेवटची खाण २०१८ मध्ये बंद केली. मध्ये अकरा वर्षे मिळाली!

तुमच्या ओळखीच्या वायरमनकाकांना विचारा, सौरपट्ट्या बसवायला काय काय यावे लागते? यादी करून वर्गात नक्की वाचा हं!