शाळा कुणाची सुटते?

चळवळीचं गाणं शिकवायला घेतलं की मुलं आधी मूठ वर करतात. आंबेडकर जयंतीच्या मंचावर तसंच पाहिलेलं असतं. आम्ही हात खाली घ्यायला सांगतो आणि झीलपासून सुरुवात करतो. शाहिराची ओळ हवेत विरायच्या आत मागच्यांनी ती उचलायची. पाचवी-सहावीच्या पोरांना हे जड जातं, कारण प्रत्येकाला पुढंच उभं राहायचं असतं. मग जागा फिरवायच्या. आज पुढं असलेला उद्या झील धरतो. हलगीचंही तसंच. गावकीत ती ठरावीक घरांकडेच असायची. वर्गात ती सगळ्यांच्या गळ्यात जाते. एखादं पोर ती घ्यायला का कचरतं, यावरही बोलणं होतं. पहिला धडा तिथंच सुरू होतो.

बारामती-इंदापूरच्या मुलांना गाण्याचा कान तुकोबांच्या पालखीनं दिलेला असतो. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, तिथंच तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं बेलवाडीला गोल रिंगण. त्यामुळे आम्ही घोषणांपाशी न जाता देवळाबाहेरच राहावं लागलेल्या संत चोखोबांपाशी जातो. घरच्यांबरोबर पंढरपूरला जाऊन आलेलं एखादं पोर सांगतं, "चोखोबांची समाधी महाद्वारासमोर हाय." आत का नाही, हे मग दुसरं कुणीतरी विचारतंच. उत्तर देता देता 1947 साल येतं. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून त्या वर्षी 1 मेपासून साने गुरुजी उपोषणाला बसले. दहा दिवसांनी ते सुटलं. "तवा माझा पणजा होता की!" एका मुलीनं बोटांवर हिशेब करून सांगितलं होतं. तेव्हापासून साल सांगितलं की घरातलं कोण तेव्हा होतं, हे मुलांनाच शोधायला लावतो.

इंदापूरच्या मुलांना शाहीर अमर शेखांचं नाव मुद्दाम सांगतो. मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपात उतरले. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. 29 ऑगस्ट 1969 ला इंदापूरजवळ अपघातात ते गेले. मुलांना सांगायचं ते एवढंच, की ज्या कामावर ते गायले, ते काम त्यांच्या हातांखालून गेलेलं होतं.

मग स्वतःचं गाणं रचायचं. पहिल्या खेपेला सगळ्या वह्यांत अन्याय, गुलामी, क्रांती. चाल बसते, पण गाण्यात माणूस दिसत नाही. "हे कुणी पाहिलं? कुठं?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. तेव्हा तोंड उघडतात ती हंगामी मुलं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इथं उतरतात; त्यांतली काही पोरं शाळेत येऊन बसतात. त्यांच्याकडे शब्द तयार असतात : उचल (मजुरीवर आगाऊ घेतलेले पैसे), मुकादम, मोळी, वाढं, खोप. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्यानं आलं तर अर्धा. एक मुलगी म्हणाली, "उचल बापाच्या नावावर, पर फिटती आईच्याबी हातानं." फळ्यावरचं 'गुलामी' पुसून तिथं हे लिहिलं.

त्यावर एका बागायतदाराचा मुलगा उठला. "आमच्याबी घरी उसाचं बिल येईस्तोवर उधारीच असती." खोटं नव्हतं ते. अशा वेळी मास्तरानं मध्ये पडू नये. वाद थोडा चढला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "उधारी तुमचीबी हाय, पर शाळा तुमची न्हाई सुटत." बागायतदाराच्या पोराचं कडवं गाण्यात राहिलं. झीलला मात्र हे वाक्य घेतलं, आणि ती धरायला तोही उभा राहिला. दुःख दोन्हीकडे असतं; त्याची किंमत कोण काय देऊन चुकवतं, हे विचारलं की मुलांना विषमता कळायला लागते. हे पुस्तकातल्या व्याख्येनं होत नाही, शेजारी बसलेल्या पोराच्या तोंडून ऐकल्यावर होतं.

कार्यक्रम आंबेडकर जयंतीला व्हावा असं गावातले लोक म्हणतात. पण 14 एप्रिलच्या आधीच बहुधा गाळप संपून पट्टा पडतो, टोळ्या गावाकडं निघून जातात. गाण्याला शब्द देणारी पोरंच मंचावर नसतील, तर समता कुणाला ऐकवायची? म्हणून आम्ही 26 जानेवारी धरतो. तीही सकाळी झेंडावंदनाला नाही, कारण त्या वेळी या मुलांचे आईबाप फडात असतात. वेळ संध्याकाळची ठेवतो, उसाची गाडी भरून झाल्यावरची.