वाघीण, करंट आणि जागल

माणूस आणि वन्यप्राणी यांच्याविषयीच्या मराठी लेखनात ‘नरभक्षक’, ‘संघर्ष’ आणि ‘सहजीवन’ हे शब्द सर्रास येत असले, तरी त्यांच्या अर्थाविषयी वाचक आणि लेखक दोघेही फारसे काटेकोर नसतात. वर्धा जिल्ह्यातील बोर या २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या छोट्याशा जंगलाच्या परिसरात या ढिलेपणाचे परिणाम स्पष्ट दिसतात.

ब्रह्मपुरी परिसरात पकडलेली एक तरुण वाघीण जुलै २०१७ मध्ये रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा, बांधून बोरमध्ये सोडण्यात आली. पण ती तेथे न थांबता शेतशिवारांतून भटकत राहिली आणि तिच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यामुळे ‘नरभक्षक’ हे विशेषण तिला चिकटले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ मध्ये वाघासारख्या प्राण्यासाठी ‘मानवी जीवितास धोकादायक’ ही कसोटी आहे, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नसेल तरच मारण्याची परवानगी देता येते. शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाशी अचानक गाठ पडून झालेला हल्ला आणि माणूस हेच भक्ष्य मानण्याची सवय, यांतला फरक ‘नरभक्षक’ या शब्दात बुडून जातो.

त्या वाघिणीला गोळी घालण्याची परवानगी मिळालेली असतानाच, १४ ऑक्टोबर २०१७ रोजी, कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरी येथे रानडुकरांसाठी वीजप्रवाह सोडलेल्या तारेला लागून तिचा मृत्यू झाला. येथेही शब्दाचा घोटाळा आहे, कारण थांबून थांबून क्षणभराचा धक्का देऊन प्राण्याला परतवणारे ‘झटका मशीन’ आणि वाहिनीतून थेट घेतलेली, प्राण्याइतकीच शेतकऱ्यालाही मारू शकणारी बेकायदा वीज, या दोहोंना बोलताना ‘करंट’ असेच म्हटले जाते.

‘सहजीवन’ हा शब्द तर शालेय विज्ञानात दगडफुलातील शैवाल आणि बुरशी यांच्या परस्परोपकारी संबंधासाठी येतो. रोही, म्हणजे नीलगाय, हरभऱ्यात शिरल्यावर शेतकऱ्यावर कोणता उपकार होतो, हे फलकांवर हा शब्द लिहिणाऱ्यांनी सांगायला हवे. त्यापेक्षा ‘सहअस्तित्व’ हा कोरडा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. ‘संघर्ष’ म्हटले की दोन बाजू जाणूनबुजून लढत असल्याचा भास होतो, तर शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘नासधूस’ असते आणि ‘जागल’ असते. जागल म्हणजे पीक राखण्यासाठी शेतात जागून काढलेली रात्र. सरकारी भरपाई पीक, जनावर आणि माणूस यांच्या हानीसाठी मिळते, या रात्रींसाठी नाही.