ऊस हिरवागार, वांगी मात्र मुरगळली – असे का?



उसाच्या लागणीत तणनाशक मारले की आठ-दहा दिवसांत बांधापलीकडचा शेतकरी तक्रार घेऊन येतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. "फवारा तुमच्या उसावर मारला, मग माझ्या वांग्याची पानं कशी मुरगळली?" ऊस जागेवर हिरवागार असतो; वांगी, टोमॅटो, कपाशी वेडीवाकडी झालेली असतात. शब्दाने शब्द वाढतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार बिघडतो. हे औषध पुष्कळदा २,४-डी असते. ते एकाला मारते आणि दुसऱ्याला सोडते, याचे कारण समजले तर अशी बरीच भांडणे टळतील. म्हणून या अंकात त्यामागचे शास्त्र सोप्या शब्दांत सांगत आहोत.

शेंड्याचा हुकूम

झाडाला मेंदू नाही, तरी त्याच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचतो. चार्ल्स डार्विन व त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून १८८० साली दाखवले की, उजेड कळतो कोंबाच्या टोकाला, पण वाकतो त्याखालचा भाग. म्हणजे टोकाकडून काहीतरी खाली येते. १९२६ साली हॉलंडमधील उट्रेख्त येथे फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांची टोके कापून अगरच्या वड्यांवर ठेवली. नंतर ती वडी बिनटोकाच्या कोंबावर एका अंगाला ठेवली. त्या अंगाची वाढ जोरात झाली आणि कोंब दुसरीकडे वाकला. टोकातून वडीत उतरलेल्या या द्रव्याला पुढे 'ऑक्झिन' हे नाव मिळाले.

हे ऑक्झिन आपल्या उसातही आहे. शेंड्याकडून ते खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. म्हणून तर जेठा कोंब काढला की फुटवे जोमाने येतात. वरचा हुकूम थांबला, खालचे डोळे मोकळे झाले! मात्र सगळे श्रेय एकट्या ऑक्झिनचे नव्हे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली वाटाण्यावर दाखवले की, शेंडा कापल्यावर त्याच्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होण्याची सुरुवात तिच्यामुळे होते. साखरेचा हा गुण साखरवाल्यांनी लक्षात ठेवावा असाच आहे.

निरोप ऐकतो कोण?

निरोप सापडला, पण पेशीत तो घेतो कोण, हे कोडे पुढे कितीतरी दशके सुटले नाही. २००५ साली अमेरिकेतील मार्क एस्टेल यांच्या आणि इंग्लंडमधील ऑटोलीन लेझर यांच्या प्रयोगशाळांनी वेगवेगळे काम करून एकच उत्तर दिले : टीआयआर-१ नावाचे प्रथिन. ते दिसते कसे, हे सिॲटल येथील निंग झेंग यांनी एस्टेल यांच्या साथीने २००७ साली दाखवले.

एवढी बारीक वस्तू पाहायची कशी? इथे आपल्या कारखान्याची आठवण होते. पॅनमध्ये पाकातून साखरेचा दाणा धरतो, तेव्हा साखरेचे रेणू शिस्तीने एकावर एक रचले जातात. प्रथिनाचाही असाच दाणा धरता येतो, फक्त त्याला फार चिकाटी लागते. त्या दाण्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात, आणि त्यावरून आतला एकेक अणू कुठे आहे याचा हिशेब मांडता येतो.

तो मांडल्यावर नवलच दिसले. टीआयआर-१ ला एक खोबण आहे. ऑक्झिन तिच्या तळाशी बसते. वाढीची कामे अडवून धरणारे एक राखणदार प्रथिन पेशीत असते, ते वरून येऊन त्याच खोबणीला चिकटते. ऑक्झिन मधली फट भरून काढते. कुलपातल्या किल्लीसारखे ते काही फिरवत नाही. दोन फळ्यांमधल्या सरसासारखे दोघांना सांधते. असा धरला गेलेला राखणदार मोडीत निघतो आणि अडलेली वाढ सुरू होते.

मग तण का मरते?

याच खोबणीत २,४-डी बसलेलेही झेंग यांच्या चमूने पाहिले. म्हणजे तणाला ते विष म्हणून कळतच नाही. वाढीचा हुकूम आला असेच त्याला वाटते. स्वतःचे ऑक्झिन झाड लगेच आवरते, २,४-डी त्याला तसे आवरत नाही. हुकूम थांबतच नाही. पाने मुरगळतात, खोड पिळते, आणि शेवटी झाड मरते.

ऊस गवताच्या कुळातला. त्याच्या अंगात २,४-डी कमी फिरते आणि लवकर निकामी केले जाते. म्हणून तो तगतो. हराळीही त्याच कुळातली, म्हणून तीही तगते! गाजरगवत मात्र नावाचेच गवत; ते रुंद पानाचे, म्हणून मरते. पण वांगी, टोमॅटो, कपाशी, द्राक्ष, हरभरा हीसुद्धा रुंद पानाचीच. औषधाला तण कोणते आणि शेजाऱ्याचे पीक कोणते, हे कळत नाही.

यावरून सभासदांनी एवढे ध्यानात घ्यावे :

१. उसात हरभरा, सोयाबीन, भुईमूग किंवा भाजीपाल्याचे आंतरपीक असेल, तर २,४-डी मुळीच मारू नये.

२. वारा असताना फवारणी नको. शेजारी रुंद पानाचे पीक असेल तर त्याला आधी सांगावे. एस्टर प्रकारचे औषध उन्हात वाफ होऊनही पसरते, हे विसरू नये.

३. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. नुसता विसळलेला पंप दुसऱ्या दिवशी कपाशीवर नेला, तर उरलेले थोडे औषधही पुरे होते.

४. प्रमाण डब्यावर लिहिलेलेच घ्यावे. "थोडं जास्त टाकलं तर काय होतंय," असे म्हणू नये. मर्यादा ओलांडली तर उसालाही झळ लागते.

ज्या रेणूने आपला ऊस वाढतो, त्याच्याच तोतयाने शेजाऱ्याचे पीक जाते. तेव्हा पंप पाठीवर घेण्याआधी वाऱ्याकडे एकदा बघावे आणि बांधापलीकडे एक हाक मारावी, एवढीच आमची विनंती आहे.