मेहनत, लढत आणि बचाव : महाराष्ट्रातील तालमीची शरीरविद्या

महाराष्ट्रातील तालमीत पैलवानाची तयारी दोन कामांत विभागलेली असते : मेहनत आणि लढत. मेहनत म्हणजे जोर, बैठका, मुद्गल, दोर, मल्लखांब. लढत म्हणजे मातीच्या हौद्यात जोडीदाराशी प्रत्यक्ष झुंज. दोन्ही एकाच वस्तादाच्या नजरेखाली चालतात, आणि मेहनतीतला जवळजवळ प्रत्येक प्रकार लढतीतल्या एखाद्या गरजेतून आलेला असतो. पकड सोडवायची, समोरच्याचा तोल घालवायचा, आपला राखायचा, खाली गेल्यावर पुन्हा उठायचे. शरीर या कामांना जुळेल असे घडवायचे, असा तालमीचा हिशेब आहे. स्नायू दिसण्यापुरते कमवायचे असतील तर तालमीची गरजच नाही.

हा विचार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात वय, देह आणि बळ पाहून मल्लांचे वर्ग पाडले आहेत, त्यांचा आहार सांगितला आहे आणि खांबावर करायच्या व्यायामाचाही उल्लेख आहे. राजाने मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर पुरवावी अशी अपेक्षा दिसते. खुराकाची जबाबदारी आश्रयदात्यावर टाकण्याची ही रीत पुढे संस्थानी काळापर्यंत टिकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालवली. त्यांनी पैलवानांना पोसले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहून त्यांना त्याची कल्पना सुचली होती. मैदानाची बैठक गोलाकार आणि उतरती असल्याने शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मधला हौदा स्पष्ट दिसतो.

हौद्यातली माती ही तालमीची पहिली साधनसामग्री. लाल माती बारीक चाळून घेतात आणि तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, काव, कापूर असे पदार्थ मिसळतात. प्रमाण प्रत्येक तालमीचे वेगळे. माती पडणाऱ्याचा मार कमी करते आणि घामाने निसटणाऱ्या अंगाला पकड देते. शिवाय ती पायाखाली दबते, त्यामुळे रेटा देताना पायाला जास्त बळ लावावे लागते. रोज अशा जमिनीवर लढणाऱ्याच्या पोटऱ्या, मांड्या आणि कंबर वेगळा व्यायाम न करताही कसाला लागतात. खोऱ्याने हौदा उकरून माती वरखाली करणे हे नवख्या मुलाचे काम समजले जाते, पण ते कामही मेहनतीतच मोडते : पाठ, खांदे आणि मनगटे एका लयीत वापरल्याशिवाय हौदा उकरून होत नाही.

जोर हा मेहनतीचा पाया. तळवे आणि चवडे जमिनीवर, कंबर उंच. तिथून छाती जमिनीलगत पुढे घसरत नेऊन पाठ कमानीसारखी वर उचलायची आणि पुन्हा मागे यायचे. साध्या पुश-अपमध्ये धड फळीसारखे ताठ राहते आणि भार मुख्यतः छाती व दंडांवर येतो. जोरात मणका दोन्ही दिशांना वाकतो, खांदा मोठ्या वर्तुळात फिरतो आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. खाली दाबला गेलेला पैलवान हात टेकून वर उसळतो तेव्हा नेमकी हीच हालचाल करतो. बैठकांचेही तसेच आहे. तालमीतली बैठक चवड्यांवर आणि उड्डाणाच्या तयारीने काढली जाते, कारण पट काढताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायांना हात घालताना, एका क्षणात गुडघ्यात बसून तितक्याच वेगाने पुढे झेपावे लागते.

शेकडो जोर आणि हजारापर्यंत बैठका काढणाऱ्या पैलवानांचे कौतुक गावोगाव ऐकायला मिळते. व्यायामशास्त्राच्या दृष्टीने इथे फरक करायला हवा. जो व्यायाम सलग तीन-चारशे वेळा जमतो त्यातला प्रत्येक फेरीचा भार स्नायूच्या क्षमतेच्या मानाने हलकाच असतो. त्यातून दम वाढतो, सांधे व स्नायुबंध कामाला सरावतात, पण कमाल ताकद ठरावीक मर्यादेपलीकडे वाढत नाही. ताकद वाढण्यासाठी भार वाढावा लागतो. जुन्या वस्तादांना हे अनुभवाने माहीत होते. म्हणून पाठीवर जोडीदाराला बसवून जोर, खांद्यावर घेऊन बैठका, दगडी नाल उचलणे, गळ्यात दगडी कडे अडकवून बैठका असे प्रकार आले. आजच्या अनेक तालमींत हौद्याशेजारी लोखंडी वजनेही असतात. ती परंपरेतली मोडतोड नाही. त्याच गरजेचे ते अधिक मोजता येणारे उत्तर आहे, कारण लोखंडी वजन थोडेथोडे वाढवता येते, जोडीदाराचे वजन तसे वाढवता येत नाही.

मुद्गल आणि करेला यांचे काम निराळे. लांब दांड्याचे, टोकाकडे जड असलेले लाकूड खांद्यामागून फिरवताना भार सतत दिशा बदलतो. खांद्याचा सांधा शरीरात सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत लवकर निखळणारा. मुद्गल त्याला सगळ्या कोनांत सांभाळायला शिकवतो, आणि मुठीची पकड आपोआप घट्ट होते. हे साधन भारतात पाहून ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या सैन्याच्या कवायतीत घेतले. तिथून ते युरोप-अमेरिकेत पसरले आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली.

मल्लखांबाचे स्थान यांत खास आहे. आज तो स्वतंत्र खेळ असला, तरी त्याचा जन्म कुस्तीला पूरक म्हणून झाला. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. निजामाकडून आलेल्या बलाढ्य पैलवानांच्या आव्हानाला उत्तर देण्यासाठी त्यांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर साधना केली आणि झाडावरच्या वानरांच्या चपळाईतून त्यांना ही कल्पना मिळाली, असे परंपरा सांगते. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांच्याबरोबर मल्लखांबही गंगाकाठी पोहोचला. उत्तरेत त्याचा प्रसार झाला तो या मराठी शाखेमुळे.

सागवान किंवा शिसवीचा खांब, वर निमुळता होत जाणारा. अंग, मान आणि बोंड असे त्याचे भाग. त्याला एरंडेल चोळतात. तेलाने खांब निसरडा होतो, त्यामुळे हात सैल पडला की माणूस घसरतो, आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू, जे बैठकांत फारसे येत नाहीत, ते इथे सगळा भार घेतात. अढी घालताना, म्हणजे पाय वर टाकून मांड्यांनी खांब पकडताना, पैलवान उलटा असतो. त्या स्थितीत दिशेचे भान ठेवण्याची सवय हौद्यात उपयोगी पडते, कारण ढाक किंवा कलाजंग हा डाव लागला की डोके खाली आणि पाय वर होतात आणि गोंधळलेला गडी तिथेच चितपट होतो. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल अशा गटांत या उड्यांची शिस्तशीर मांडणी झाली आहे. या सगळ्या व्यायामप्रकारांची नोंद करण्याचे प्रचंड काम बडोद्याच्या द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनी केले, त्यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. वस्तादांच्या तोंडी असलेली विद्या छापील मराठीत आली ती मुख्यतः अशा माणसांच्या चिकाटीमुळे, आणि त्यांचे ऋण अजून पुरेसे मानले गेलेले नाही.

विसाव्या शतकात तालमीशेजारी व्यायाममंदिरे उभी राहिली : अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५). तालीम पैलवान घडवत होती. या संस्थांना शाळकरी मुले आणि नोकरदार माणसे घडवायची होती. अमरावतीच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मुलींना नियमित व्यायामाची दारे उघडली तीही मुख्यतः अशा संस्थांतून. तालमीच्या हौद्यात मुलींना जागा मिळायला फार उशीर झाला. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली ती २०२३ मध्ये.

मेहनतीने शरीर तयार होते, पण डाव लढतीतच बसतो. कुस्तीच्या शिक्षणाचे खरे बळ इथे आहे : रोज, पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या माणसावर डाव करून पाहायचा. धोबीपछाड, एकचाक, आतली टांग, सवारी, मोळी यांपैकी कोणताही डाव नुसता दाखवल्याने येत नाही. प्रत्येकाला तोड असते आणि तोडीला पुन्हा तोड. वस्ताद एकाच डावावर महिनोन्‌महिने घोटून घेतो आणि वजनाने भारी, उंचीने मोठा, डावखुरा अशा वेगवेगळ्या गड्यांशी जोड लावून देतो.

मात्र माती आणि मॅट यांची मागणी एक नाही, हे खाशाबा जाधवांच्या वाटचालीत स्पष्ट दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. अपरिचित पृष्ठभाग आणि अपरिचित नियम पाहता ही कामगिरी मोठी होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावाने आणि हितचिंतकांनी वर्गणी काढून पैसे उभे केले होते. मातीतली निकाली कुस्ती कितीही वेळ चालू शकते, तिथे दम आणि संयम जिंकतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन टप्पे असतात आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की लढत संपते. तिथे थोड्या वेळात वारंवार स्फोटक जोर लावावा लागतो. म्हणून आजच्या प्रशिक्षणात लांब मेहनतीबरोबर छोट्या, तीव्र फेऱ्या आणि त्यांमधली मोजकी विश्रांती यांना जागा आहे.

या शरीरविद्येतली शस्त्रांची बाजू मर्दानी खेळांत जपली गेली, विशेषतः कोल्हापूर परिसरात. लाठी, फरीगदगा, बोथाटी, विटा आणि दांडपट्टा हे त्यातले मुख्य प्रकार. दांडपट्ट्याला मुठीऐवजी हातावर चढणारा लोखंडी खोबळा असतो. त्यात मनगट बंदिस्त होते, म्हणून तलवारीसारखा मनगटाचा वळसा घेता येत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो आणि पायांचे पवित्रे त्याच्याबरोबर वळावे लागतात. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्यानंतर पोलादाची जागा बव्हंशी लाकडाने घेतली आणि युद्धाची विद्या हळूहळू मिरवणुकीतले प्रात्यक्षिक बनली. त्या प्रात्यक्षिकात शरीराची तयारी अस्सल असते, पण समोर विरोध करणारा माणूस बहुधा नसतो. फरीगदगा हा त्याला अपवाद : चामड्याने मढवलेली काठी आणि ढाल घेऊन दोघे खरोखर एकमेकांवर वार करतात, आणि अंतर, वेळ व फसवा वार या गोष्टी त्यातून शिकता येतात. मर्दानी खेळ शिकवणाऱ्यांनी नुसत्या फिरवण्यापेक्षा या जोडीच्या सरावावर भर दिला, तर विद्या जास्त जिवंत राहील.

या सगळ्याचा प्रत्यक्ष आत्मसंरक्षणाला उपयोग किती, हा प्रश्न पालक हल्ली हमखास विचारतात. तालमीतून चार गोष्टी निश्चित मिळतात : पडण्याची भीती जाते, अंगाला अंग भिडले की श्वास आणि डोके ठिकाणावर राहते, पकड सोडवता येते, खालून उठता येते. मिळत नाहीत त्याही गोष्टी आहेत. कुस्तीत समोरचा एकटा असतो, त्याच्या हातात काही नसते, ठोसा मारायला मनाई असते आणि पंच जवळ उभा असतो. रस्त्यावर यांतले काहीच गृहीत धरता येत नाही. जमिनीवर पकड धरून राहणे हौद्यात विजय देते. दोन-तीन जणांच्या हल्ल्यात तेच घातक ठरते. तिथे सुटका करून घेऊन माणसांकडे, उजेडाकडे पळणे हाच पहिला डाव.

मुलींसाठीच्या प्रशिक्षणाबाबत एक भक्कम अभ्यास उपलब्ध आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी ८९३ विद्यार्थिनींवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के. या बारा तासांत शारीरिक प्रतिकार हा एक भाग होता. उरलेला वेळ धोका लवकर ओळखणे, हल्लेखोर बहुधा ओळखीचा असतो हे स्वीकारणे आणि ओळखीच्या माणसाला ठाम नकार देताना येणारा संकोच मोडणे यांवर खर्च झाला. आपल्याकडच्या शिबिरांत लाथा-ठोसे पुष्कळ शिकवले जातात. आवाज चढवायला आणि संशय वेळीच खरा मानायला मात्र फार थोड्या ठिकाणी शिकवतात. एक-दोन दिवसांच्या शिबिरात शिकलेला हात सराव थांबला की विसरतो. म्हणून आठवड्यातून ठरावीक दिवस जोडीदारासह सराव चालू राहील अशी सोय तालमी आणि व्यायाममंदिरांनी केली, तर त्यांच्याकडे असलेली जागा, माती आणि वस्ताद यांचा मोठा उपयोग होईल.

बचावाच्या हक्काची कायदेशीर चौकटही शिकणाऱ्याला माहीत असावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा अधिकार दिला आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हा अधिकार स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी वापरता येतो. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिडहल्ला यांची वाजवी भीती असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी संरक्षण मिळू शकते. प्रत्यक्ष घाव बसेपर्यंत थांबण्याची अट नाही. धमकीतून किंवा प्रयत्नातून धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा जास्त इजा मात्र करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. धोका टळला, हल्लेखोर पळाला किंवा निपचित पडला की तिथेच थांबावे लागते. त्यानंतरचा प्रत्येक फटका कायद्याच्या नजरेत नवा गुन्हा ठरू शकतो.