पाखराच्या गळ्याचे प्रमाण

पाखरू गाते असे आपण सहज म्हणतो; परंतु जे मानवी श्रवणाकरिता नाही, आपल्या सप्तकात मावत नाही आणि आपल्या लयीला जुमानत नाही, त्याला गाणे म्हणावे काय, हा प्रश्न फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) यांनी वादविवादाने नव्हे, तर स्वररचनेने धसास लावला, आणि म्हणूनच त्यांच्या साधनेला मी तत्त्वचिंतन म्हणतो.

रानात बसून पाखरांचे स्वर ते कागदावर उतरवीत. पण खरा पेच पुढेच होता. पाखराची द्रुतगती बोटांना झेपत नाही, त्याचा स्वर फार उंच असतो, आणि त्याच्या दोन स्वरांतील अंतर कित्येकदा पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांहूनही सूक्ष्म असते. तेव्हा त्यांनी लय संथ केली, स्वर खालच्या सप्तकांत आणले आणि अंतरे वाढविली, मात्र सर्व एकाच प्रमाणात. इतका फेरफार झाल्यावर पाखरू उरले काय? मेसियाँ यांचे उत्तर असे, की स्वर बदलले तरी स्वरांमधील संबंध शाबूत आहेत. आपल्या भाषेत ‘प्रमाण’ म्हणजे परिमाणही आणि ज्ञानाचे साधनही. येथे हे दोन्ही अर्थ एकरूप होतात.

‘पक्ष्यांची सूची’ (१९५६–५८) या तेरा पियानोरचनांपैकी बोरूच्या बेटातील वटवट्यावरची रचना सुमारे अर्ध्या तासाची आहे आणि तीत मध्यरात्रीपासून पुढच्या रात्रीच्या तीन वाजेपर्यंतचा काळ सामावला आहे. बेडूक, तळे, सूर्योदय, सारे तीत आहे, कारण स्थळकाळापासून तोडलेले गाणे त्यांना अपुरे वाटे.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त नोंदलेले १२० देशी तालही मेसियाँ यांनी अभ्यासिले होते. त्याच ग्रंथात षड्ज मयूराचा आणि पंचम कोकिळाचा म्हटला आहे; आपण स्वराला पाखरू दिले, त्यांनी पाखराला स्वर विचारला.

पाखरांच्या या साधनेचे बीज ‘सूची’च्याही आधीचे. १५ जानेवारी १९४१ रोजी गर्लित्झच्या जर्मन युद्धबंदी छावणीत, कडाक्याच्या थंडीत, त्यांची ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ प्रथम वाजली. तिच्या तिसऱ्या भागात क्लॅरिनेट एकटीच असते: आधी खिन्न, संथ आलाप, मग नि:शब्दतेतून उगवणारा आणि वाढत वाढत जाणारा एक प्रदीर्घ स्वर, आणि मग पाखरू बोलू लागते.