चंद्र फ्रेममध्ये मावतो तेव्हा

कोजागरीला गच्चीवरून काढलेल्या फोटोंत चंद्र बहुधा दोनच रूपांत सापडतो: काळ्या आभाळातला बारीक ठिपका, नाहीतर फिसकटलेला पांढरा गोळा. नावं मोबाइलला ठेवली जातात. खरा घोळ भूमितीचा आणि उजेडाचा असतो.

आभाळात चंद्र जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीच्या साधारण निम्मा. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने आडवा फोटो काढला, तर फ्रेमच्या उंचीचा शंभरावा हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. क्षितिजावर तो परातीएवढा वाटतो, पण ती नजरेची फसगत. उलट उगवता चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून काही हजार किलोमीटर लांब असतो.

मग देवळाच्या शिखरामागचा तो अवाढव्य चंद्र येतो कुठून? आपण मागे सरकल्यामुळे. कोणतीही वस्तू तिच्या आकाराच्या सुमारे ११५ पट अंतरावरून चंद्राएवढी दिसते. २० मीटर उंच शिखर चंद्रबिंबात नेमकं बसवायचं, तर २.३ किलोमीटर लांब जायचं आणि ६०० मिलिमीटरची टेलिलेन्स लावायची. ट्रायपॉड २० मीटर बाजूला लागला, तर शिखर चंद्राच्या एका कडेला गेलंच म्हणून समजा. शिवाय स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला चंद्राला दोनच मिनिटं लागतात.

आता उजेड. चंद्राची माती डांबरासारखी काळपट. अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच ती परतवते. पण आपल्याकडे रात्र असताना तिथे लख्ख ऊन असतं. वर आलेल्या पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ/११ आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेवढ्यात खालचा गाव मात्र काळाठिक्कर येतो. म्हणून जाणकार पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी निघतात: चंद्र सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो, जमिनीवरही प्रकाश असतो. दोन फोटो जोडणारे पुष्कळ आहेत. तसं सांगून जोडले तर माझी हरकत नाही.

छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचा प्रसिद्ध चंद्रोदय टिपला, तोही अशाच सूर्यास्ताआधीच्या उजेडात. दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन होतं आणि एक्स्पोजर मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला २५० कँडल, त्याला पाठ होती. त्यावरून हिशेब करून त्याने एक निगेटिव्ह घेतली. दुसरी घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं.

तारखांच्या बाबतीत मात्र हा गृहस्थ बेफिकीर; या फोटोखाली निरनिराळी वर्षं पडली. अखेर चंद्राची कला आणि डोंगररांगेवरची त्याची उंची मोजून खगोल अभ्यासकांनी हिशेब मांडला. डेव्हिड एल्मोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस डी चिको यांनी कॅमेऱ्याची जागा नीट निश्चित करून ती एक दिवसाने पुढे नेली: १ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं.