निर्मल जल आणि निर्दोष जल

गेल्या आषाढात पनवेल येथील आमच्या चिकित्सालयात इयत्ता पाचवीतील एक विद्यार्थी आईसमवेत आला. तक्रार अतिसाराची होती. पथ्य सांगताना आम्ही ‘पाणी उकळून प्यावे’ असे म्हणताच त्याने विचारले, “पावसाचे पाणी सर्वांत शुद्ध असते, असे जलचक्राच्या धड्यात शिकवले. मग पावसाळ्यातच पाणी उकळायचे कशाला?” आईने त्याला गप्प केले, परंतु प्रश्न रास्त होता. वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनीही त्याचा विचार करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

जलचक्र व अर्कयंत्र

आपणांस जलचक्र समजण्यास अर्कयंत्राहून सोपा दृष्टांत नाही. यंत्रात पाणी तापते, वाफ वर जाते, थंडावा मिळताच तिचे पुन्हा जल होते. क्षार व गाळ मात्र भांड्यातच राहतात. निसर्गात सूर्य हा अग्नी आणि आकाश हे शीतपात्र होय. म्हणूनच खाऱ्या अरबी समुद्रावरून उठलेली वाफ माथेरानच्या डोंगरावर गोड्या पाण्याच्या रूपाने उतरते. विद्यार्थ्याचे पुस्तक येथवर अचूक आहे.

परंतु अर्कात जशी उडनशील द्रव्ये वाफेबरोबर येतात, तसे पावसाच्या थेंबातही हवेतील धूळ, धूर व वायू मिसळतात. सुश्रुताचार्यांनी पर्जन्यजलाचे गांग व सामुद्र असे भेद करून, रौप्यपात्रातील शिजलेल्या शालीच्या भातावर पाऊस घेऊन त्याचा वर्ण बदलतो काय, हे पाहण्यास सांगितले आहे. आकाशातून आले तेवढ्याने पाणी ग्राह्य ठरत नाही, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे.

खरा बिघाड भूमीवर होतो. माथेरानच्या उतारावरून येणारी गाढी नदी देहरंगच्या जलाशयात थांबते, पुढे पनवेलजवळून वाहत खाडीस मिळते. तळोजा औद्योगिक क्षेत्राजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. पहिल्या सरींबरोबर उकिरडे, शौचखड्डे व गटारे धुऊन निघतात; फुटक्या जलवाहिनीतील दाब कमी झाला की भोवतालचे सांडपाणी आत ओढले जाते. वर्षाऋतूतील नवे पाणी पिणाऱ्यास रोग लवकर गाठतात, हा सुश्रुतसंहितेतील इशारा आजही तंतोतंत लागू पडतो.

आमची एक चूक

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी तालुक्यातील एका वाडीतील कुटुंबास, विहिरीचे पाणी गढूळ झाले असता, आम्ही तुरटी फिरवण्यास सांगितले. पाणी काचेसारखे निवळले. उकळण्याचे मात्र आम्ही सांगितले नाही. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने आमचीही खात्री पटवली होती. महिन्याभराने त्या घरातील दोन्ही भावंडे कामलेने पिवळी होऊन आमच्यासमोर आली. मुले बरी झाली. त्या विहिरीमुळेच कावीळ झाली, हे सिद्ध करण्याचे साधन आमच्याजवळ नव्हते. तथापि आमचा सल्ला अपुरा होता, हे आम्ही स्वतःपाशी कबूल केले.

संहिता पुन्हा उघडली तेव्हा आमची चूक अधिकच उमगली. सुश्रुताचार्यांनी कतक म्हणजे निवळी, वस्त्र, मोती इत्यादी सात द्रव्ये गढूळपणा घालवणारी ‘प्रसादने’ म्हणून सांगितली; दूषित पाण्यासाठी मात्र अग्नीवर कढवणे, उन्हात तापवणे, तप्त लोहगोल विझवणे असे उपाय वेगळे दिले. निवळी वा तुरटी मातीचे सूक्ष्म कण एकत्र आणून तळाशी बसवते. त्यांबरोबर काही जंतू खाली जातातही. परंतु सर्व जात नाहीत व मरतही नाहीत. काविळीचा ‘अ’ विषाणू केवळ निवळण्याने नष्ट होत नाही, उकळीने होतो. निर्मल निराळे, निर्दोष निराळे.

उकळण्याची मर्यादा

याच्या उलट चूकही संभवते. उकळण्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार जात नाहीत. उलट पाणी आटेल तसे ते दाट होतात. अष्टमांश उरवलेल्या उष्णोदकात मूळ पाण्यातील न उडणारे क्षार आठपट होऊ शकतात. क्वाथासाठी सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवताना हेच घडते. कूपनलिकेचे पाणी जड वा फ्लोराइड-नायट्रेटयुक्त असेल, तर तो दोष औषधात एकवटतो. १८७२ पासून आयुर्वेदीय औषधनिर्मितीची परंपरा असलेल्या पनवेलमध्ये तरी याचे विस्मरण होऊ नये. औषध-नियमांतील शेड्यूल ‘टी’ प्रमाणे निर्मितीस वापरायचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्यच हवे.

व्यवहारासाठी

१. गढूळ पाणी प्रथम निवळू द्यावे, वरचे पाणी जाड वस्त्रातून गाळावे, मगच उकळावे.

२. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवावे, झाकून निववावे. कढवलेले पाणी शिळे झाल्यास त्रिदोषकर होते, हे वाग्भटाचार्यांचे वचन लक्षात ठेवून रोज ताजे करावे.

३. क्लोरीन वापरायचे असल्यासही आधी पाणी निवळावे; गढूळ पाण्यात त्याचा प्रभाव घटतो.

४. औषधनिर्मात्यांनी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. विरघळलेल्या एकूण घनद्रव्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, “बाळा, तुझे पुस्तक खरे आहे. सूर्य पाणी शुद्ध करून वर नेतो. ते खाली आल्यावर बिघडते आपल्यामुळे. म्हणून चूल पेटवायची.” त्याने मान डोलावली. जाताना आईने विचारले, “पण आमचे पाणी अगदी स्वच्छ दिसते हो वैद्यराज, तरी उकळायचे?” या वेळी मात्र आम्ही उत्तर अपुरे ठेवले नाही.